भूसंपादन-मूल्यनिर्धारण, कोकणातील

सार्वजनिक प्रयोजनासाठी सक्तीने घेतलेली जमीन, तीवरील झाडे व बांधकामे यांचा मोबदला ठरविण्याची पद्धत. १८९४ च्या भूसंपादन कायद्याखाली कलम ४ च्या (जमीन घेण्याचा इरादा जाहीर करणाऱ्या) अधिसूचनेच्या दिवशीचा बाजारभाव प्रमाण धरीत. त्यावरील दिलासा रक्कम (संपादन सक्तीचे असल्याबद्दल द्यावयाची जादा रक्कम) १९८४ च्या दुरुस्तीने १५ वरून ३० टक्के झाली. १ जानेवारी २०१४ पासून अमलात आलेल्या कायद्याने ती १०० टक्के केली व ग्रामीण भागात बाजारभावाला १ ते २ पर्यंतचा गुणक दिला.

कोकणात अडचण बाजारभावाचीच आहे. सातबारावर सामाईक नावांची रांग, बरेच हिस्सेदार मुंबईत, पोटहिस्से न मोजलेले. त्यामुळे तुलनेला खरेदीखते थोडी मिळतात. वरकस (डोंगरउताराच्या हलक्या) जमिनीची आकारणी हलकी, म्हणून दरही हलका धरला जातो. मात्र याच वरकसात कातळाला सुरुंग लावून, खड्ड्यांत बाहेरची माती भरून हापूसची कलमे उभी केलेली असतात आणि दप्तरी वरकस किंवा पोटखराब (लागवडीस अयोग्य) हीच नोंद राहते. अशा ठिकाणी संयुक्त मोजणीच्या वेळी केलेला झाडांचा पंचनामा निर्णायक ठरतो : कलम की रायवळ (कोयीपासून वाढलेले झाड), वय, बुंध्याचा घेर. फळझाडांचे मूल्य कृषी विभाग, ऐन-किंजळीसारख्या जंगली झाडांचे वन विभाग व घरांचे सार्वजनिक बांधकाम विभाग काढतो. हापूस दर वर्षी सारखा धरत नाही. तेव्हा एका हंगामाच्या उत्पन्नावर विसंबण्यापेक्षा अनेक वर्षांची सरासरी घेणे अधिक ग्राह्य.

जमीन व झाडे यांची किंमत वेगवेगळी धरावी की एकत्र, हा जुना वाद. उत्पन्नावरून किंमत काढताना वार्षिक उत्पन्नाच्या ८ पटींहून अधिक गुणक घेऊ नये, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये म्हटले. २०११ च्या निवाड्यातील सूत्र अधिक नेमके आहे : जमिनीचा दर मोकळ्या जमिनीच्या व्यवहारांवरून काढला असेल, तर झाडांचे मूल्य स्वतंत्र मिळते, बागेच्याच व्यवहारावरून किंवा उत्पन्नावरून काढला असेल, तर पुन्हा झाडे मिळवता येत नाहीत.

मोबदला कोणाचा, या प्रश्नामागे काही गावांत खोती, म्हणजे खोताकडे गावच्या साऱ्याची वसुली असण्याची जुनी पद्धत असते. जुनी गॅझेटिअरे तिचा उगम आदिलशाहीत, साधारण सोळाव्या शतकात मानतात. खोत जमिनीचा मालक की वसुलीचा वंशपरंपरागत मक्तेदार, याबद्दल मतभेद असून १८८० च्या खोती कायद्यावरून मधला दर्जा मानणे सुरक्षित. १९४९ च्या कायद्याने खोती गेली, तरी कूळ व खोताचे वारस यांचे दावे निवाड्याच्या वेळी वर येतात.

रत्नागिरी जिल्ह्यातील जैतापूर अणुऊर्जा प्रकल्पासाठी माडबन परिसरातील सुमारे ९३८ हेक्टर जमीन घेतली गेली. २०१३ मध्ये शासनाने मोबदला हेक्टरी २२.५ लाख रुपयांपर्यंत वाढविला. रायगडात रोख रकमेपलीकडचा मार्ग निघाला. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील १९८४ च्या जासई आंदोलनानंतर सिडकोच्या (नवी मुंबई वसविणाऱ्या शासकीय महामंडळाच्या) क्षेत्रात संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याची योजना आली.