खोक्यातल्या तीन रेकॉर्ड

१९७७ साली अमेरिकेत व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात पाठवायच्या सोनेरी तबकडीसाठी संगीत निवडण्याचं काम चाललं होतं. भारतातून काय घ्यावं, यावर रॉबर्ट ब्राउन या संगीत-अभ्यासकाने गायिका केसरबाई केरकरांचं नाव सुचवलं: भैरवी रागातली ‘जात कहाँ हो’. नाव ठरलं, पण रेकॉर्ड मिळेना. ती बाजारातून केव्हाच गेली होती. निवड करणाऱ्यांपैकी ॲन ड्रुयान न्यूयॉर्कभर शोधत फिरल्या. शेवटी लेक्सिंग्टन ॲव्हेन्यूवर एका भारतीय कुटुंबाच्या विजेच्या उपकरणांच्या दुकानात, एका टेबलाखाली धूळ खात पडलेल्या खोक्यात त्यांना तिच्या तीन कोऱ्या प्रती सापडल्या.

हे खोकं माझ्या मनातून जात नाही. कंपनीच्या यादीतून गेलेली चीज दुकानदाराने टेबलाखाली सांभाळून ठेवली होती, कदाचित त्याच्याही नकळत. आपल्याकडची जुनी ध्वनिमुद्रणं बऱ्याच अंशी अशीच टिकली. म्हणून आज दुकानं बंद होतात तेव्हा नुकसान नेमकं कशाचं होतं, हे कळायला थोडं मागे जावं लागतं.

१९०२ च्या अखेरीस ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गाइसबर्ग कलकत्त्याला आला आणि हॉटेलातल्या खोलीत त्याने ध्वनिमुद्रणाचं सामान मांडलं. गौहरजान तिथे गायल्या. मूळ मुद्रणं जहाजाने जर्मनीत हॅनोव्हरला जायची, तिथे रेकॉर्ड छापल्या जायच्या आणि मग इकडे विक्रीला यायच्या. गाणं संपल्यावर गौहरजान इंग्रजीत स्वतःचं नाव सांगतात, ते हॅनोव्हरच्या कारागिरांना लेबल लावताना कळावं म्हणून, असं सांगितलं जातं. १९०८ मध्ये कलकत्त्यातच सियालदहला कारखाना निघाला आणि पुढे १९२८ मध्ये दमदमला मोठा कारखाना उभा राहिला.

दहा इंची रेकॉर्डच्या एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटं, बारा इंचीला साडेचारच्या आसपास. मायक्रोफोन १९२५ नंतरचा. त्याआधी कर्ण्यात तोंड घालून, आवाज चढवून गावं लागे. तासभर राग मांडणाऱ्या माणसाला हे कसं मानवणार? अल्लादिया खाँसाहेबांनी रेकॉर्ड दिलीच नाही. भास्करबुवा बखल्यांचाही आवाज आपल्याला ऐकायला मिळत नाही. अल्लादिया खाँच्या शिष्या केसरबाई गायल्या, पण मोजकंच आणि नाखुशीने. मैफलीत कोणी चोरून मुद्रण करणं त्यांना मुळीच खपत नसे. उलट अब्दुल करीम खाँ आणि नारायणराव व्यास यांनी ती तीन मिनिटं आपलीशी केली. तेवढ्यात आलाप, बंदिश, ताना आणि समेवरचा शेवट बसवणं ही त्यांनी वेगळी कला म्हणूनच सिद्ध केली. त्यांच्या रेकॉर्डना मैफलीचा तुकडा म्हणणं मला पटत नाही. त्या पूर्ण रचना आहेत.

हा माल लोकांपर्यंत नेला तो दुकानदारांनी. कुत्राछाप, म्हणजे ग्रामोफोन कंपनीच्या एचएमव्ही रेकॉर्ड विकणारा माणूस बहुतेक गावांत इतरही काही विकत असे: घड्याळं, सायकली, शिवणयंत्रं. गिऱ्हाईक यावं म्हणून तो दारात फोनो लावून ठेवायचा. गदगला शाळकरी भीमसेन जोशी अशाच एका दुकानापुढे थबकून अब्दुल करीम खाँची रेकॉर्ड ऐकत आणि असं गाणं शिकायचं म्हणून वयाच्या अकराव्या वर्षी त्यांनी घर सोडलं, ही हकिकत त्यांच्या चाहत्यांना पाठ आहे. हिंदुस्थानी संगीतातला केवढा मोठा गायक दुकानाच्या पायरीवर घडायला लागला!

मुंबईत काळा घोड्याला, जहांगीर कलादालनासमोरच्या कोपऱ्यावर १९४० च्या दशकात ऱ्हिदम हाऊस सुरू झालं. तिथल्या काचेच्या बंद खोल्यांत रेकॉर्ड वाजवून पाहता येई. अशा दुकानात काउंटरमागचा माणूस महत्त्वाचा. ‘यमन हवाय’ म्हटलं की तो विचारायचा, ‘कोणाचा? ख्याल की सतार?’ त्या एका प्रश्नातून किती जणांना घराणी कळली असतील! आणि ‘अमक्याचा मालकंस आहे का?’ असं दहा जणांनी विचारलं की ते कंपनीच्या विक्री प्रतिनिधीच्या कानावर जायचं. पुनर्प्रकाशनाची मागणी अशी खालून वर जात असे.

एलपी, म्हणजे जास्त वेळ वाजणारी रेकॉर्ड, आली तशी मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या जुन्या रेकॉर्डची, ‘७८’ ची, छपाई साठच्या दशकात मंदावत गेली. तीन मिनिटांच्या जागी एका बाजूला वीस-बावीस मिनिटं मिळाल्यावर गवई मोकळे झाले. कंपनीकडच्या जुन्या साठ्याचं काय करायचं, हा प्रश्न मात्र उभा राहिला. त्यातून अनेक ७८ एकत्र करून एलपी निघाल्या, ही पुनर्प्रकाशनाची पहिली मोठी लाट. केसरबाई, फैयाज खाँ, अब्दुल करीम खाँ पुढच्या पिढीला भेटले ते त्यातून. त्यानंतर ऐंशीच्या दशकात कॅसेट आली आणि शास्त्रीय संगीत मध्यमवर्गीय घरांत खऱ्या अर्थाने पसरलं.

पुण्यात कर्वे रस्त्यावरच्या अलुरकर म्युझिक हाऊसची आठवण इथे काढायलाच हवी. सुरेश अलुरकरांचं ते दुकानही आणि प्रकाशनसंस्थाही. पु. लं.च्या कथाकथनाच्या कॅसेट तिथूनच घरोघर गेल्या, हे सगळ्यांना माहीत आहे. पण मल्लिकार्जुन मन्सूरांसारख्यांचं मैफलीतलं गाणंही त्यांनी काढलं, याचं मोल मला अधिक वाटतं. समोर उभ्या गिऱ्हाइकाला काय हवंय हे माहीत असलेला माणूसच प्रकाशक होता.

नव्वदच्या दशकात सीडी आल्या आणि एचएमव्हीच्या ‘चेअरमन्स चॉइस’सारख्या मालिकांतून जुनं गाणं पुन्हा बाजारात आलं. याच काळात एक सवय बळावली, तिचा मला मनापासून राग आहे. माझ्याकडे अशा पुनर्प्रकाशित गाण्यांची एक सीडी आहे. आवरणावर गायकाचा फोटो, खाली चौदा रागांची नावं. तबल्यावर कोण, सारंगीवर कोण, मुद्रणाचं साल, मूळ रेकॉर्डचा क्रमांक, यातलं काहीही नाही. ७८ च्या लेबलवर निदान क्रमांक तरी असायचा आणि त्यावरून जाणकार माणूस कालखंड काढू शकायचा. ती तीन मिनिटं ज्या सारंगियाने तोलून धरली, त्याचं नाव कायमचं पुसलं गेलं.

पुढचं फार वेगाने झालं. एमपी३, रस्त्यावरच्या चोरट्या प्रती, मोबाइल, मग इंटरनेट. कोलकात्यात पार्क स्ट्रीटवरचं म्युझिक वर्ल्ड २०१३ मध्ये बंद झालं, ऱ्हिदम हाऊस २०१६ च्या फेब्रुवारीअखेर. ऱ्हिदम हाऊसची जागा पुढच्याच वर्षी एका हिरे कंपनीकडे गेली आणि नंतर सक्तवसुली संचालनालयाच्या जप्तीत अडकली. अलुरकरांचं दुकानही आता नाही.

फटका सगळ्याच दुकानांना बसला, पण शास्त्रीय संगीताला तो जास्त लागला, कारण हा हळू खपणारा माल. सिनेमाचं संगीत तीन महिन्यांत विकलं जातं. गजाननबुवा जोशींच्या व्हायोलिनची एखादी सीडी वर्षाला दोन-चार जातील, पण तशीच वीस वर्षं जात राहतील. तिला फळी हवी, आणि ती फळी राखणारा दुकानदार हवा. जागेचं भाडं वाढलं की पहिली उतरवली जाते ती हीच फळी. फळी गेली की कंपनी दुसऱ्यांदा सीडी छापत नाही.

मग आता जुनं गाणं येतं कुठून? बरंचसं संग्राहकांकडून. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षं राहतो, त्यामुळे ७८ चा जवळजवळ सगळा साठा आता मोकळा झाला आहे. मुंबईत १९९० पासून भारतीय रेकॉर्ड संग्राहकांची एक संस्था काम करते आहे. सुरेश चांदवणकरांनी तिचं नियतकालिक वर्षानुवर्षं चालवलं. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल किनिअर यांनी रेकॉर्ड कंपन्यांच्या नोंदी तपासून कोणी काय, केव्हा गायलं याच्या सूच्या तयार केल्या. चोरबाजारातल्या ढिगातून उचललेली रेकॉर्ड धुऊन, योग्य जाडीची सुई लावून, खरखर बेताने कमी करून ऐकवणारी ही माणसं. कंपनीकडे मूळ साचे उरले नसतील तर तिलाही यांच्याच दारी यावं लागतं.

यात वेगाचं काम सगळ्यात किचकट. ‘७८’ म्हणत असलो तरी सुरुवातीच्या कित्येक रेकॉर्ड मिनिटाला नेमक्या ७८ फेऱ्यांच्या नसत. समजा मुद्रण ७४ वर झालं आणि आपण ते ७८ वर वाजवलं, तर सूर जवळजवळ एका पट्टीने चढतो. पेटीच्या काळी चारमध्ये गायलेलं पांढरी सहात ऐकू येतं, तीन मिनिटांतली नऊएक सेकंद उडतात, ताना जास्तच चपळ वाटतात, आणि नवखा ऐकणारा म्हणतो, ‘काय तयारी होती!’ म्हणून जाणकार माणूस साथीची पेटी कान देऊन ऐकतो, गायकाची नेहमीची पट्टी कोणती हे आठवतो आणि एक एक फेरी कमी करत सूर जागेवर आणतो. इंटरनेटवर चढवलेल्या कितीतरी प्रतींत हे कोणी केलेलं नसतं आणि वेग काय धरला हेही लिहिलेलं नसतं.

व्हॉयेजरवरच्या तबकडीत केसरबाईंची भैरवी साडेतीन मिनिटांची आहे. दोनांपैकी नंतर सुटलेलं यान, व्हॉयेजर १, ५ सप्टेंबर १९७७ ला उडालं आणि १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या. त्या तबकडीबरोबर सुईही पाठवली आहे, आणि आवरणावर चित्रांनी कोरून ठेवलं आहे की सुई कुठे टेकवायची आणि एक फेरी किती वेळात पुरी व्हायला हवी: ३.६ सेकंद.