समलिंगी विवाहाचा कायदा: संसदेने न मोजलेल्या मतांची पार्श्वभूमी

समलिंगी विवाहाला मान्यता द्यावी की नाही, यावर आपल्याकडे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दहा दिवस सुनावणी झाली, राज्यांची मते मागवली गेली, पक्षांच्या जाहीरनाम्यांत ओळी आल्या. संसदेत मात्र या विषयावर आजवर एकदाही मतदान झालेले नाही. त्यामुळे कोणता पक्ष नेमका कुठे उभा आहे हे सभागृहाच्या कामकाजातून कळत नाही. ते प्रतिज्ञापत्रे, मुलाखती आणि शून्य प्रहरातल्या भाषणांतून गोळा करावे लागते.

हा सगळा वाद विशेष विवाह कायदा, १९५४ भोवती फिरतो. धर्माच्या चौकटीबाहेर लग्न करण्याची आपल्याकडची ही मुख्य वाट, आणि ती एका दिवसात तयार झालेली नाही. १८७२चा पहिला कायदा ब्राह्मो समाजाच्या मागणीतून आला. त्याखाली लग्न करायचे तर वधूवरांना आपण हिंदू, मुस्लिम, ख्रिश्चन, पारशी, बौद्ध, शीख, जैन वगैरे कोणताच धर्म मानत नाही असे लिहून द्यावे लागे. १९१८ मध्ये विठ्ठलभाई पटेलांनी हिंदूंच्या आंतरजातीय विवाहांना वैध ठरवणारे विधेयक मांडले. सनातन्यांनी ते हाणून पाडले. शाहू महाराजांनी मात्र पुढच्याच वर्षी कोल्हापूर संस्थानात अशा विवाहांना कायद्याने मान्यता दिली. नागपुरात वकिली करणाऱ्या हरिसिंग गौर यांच्या प्रयत्नाने १९२३ची दुरुस्ती झाली आणि हिंदू, बौद्ध, शीख व जैनांना धर्म न नाकारता आपसात नोंदणी विवाह करता येऊ लागला.

त्या दुरुस्तीची किंमत आज फारशी कोणाला आठवत नाही. असे लग्न करणारा एकत्र कुटुंबातून आपोआप विभक्त होई, त्याला दत्तक घेण्याचा हक्क राहत नसे, आणि त्याच्या बापाला दुसरा मुलगा नसेल तर हा मुलगा मेला असे धरून दत्तक घेण्याची मुभा होती. विवाहाचा हक्क वाढवताना विरोधकांना काहीतरी देऊ करायचे, ही पद्धत तेव्हापासूनची आहे. १९५४च्या कायद्याने धर्माची अट काढली, पण विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस, ती कार्यालयात लावणे आणि आक्षेपासाठी ३० दिवस थांबणे या अटी ठेवल्या. घरच्यांपासून लपून लग्न करणाऱ्या आंतरधर्मीय जोडप्यांना हे ३० दिवस आजही फार महाग पडतात. उद्या हाच कायदा समलिंगी जोडप्यांना लागू झाला, तर तीच नोटीस त्यांच्याही वाट्याला येईल. म्हणूनच २०२३च्या याचिकाकर्त्यांपैकी काहींनी नोटिशीच्या तरतुदीलाही आव्हान दिले होते.

आता कलमांकडे पाहू, कारण खरी गुंतागुंत तिथे आहे. कलम ४ सुरुवातीला ‘कोणत्याही दोन व्यक्ती’ असे म्हणते, पण वयाच्या अटीत पुरुष २१ आणि स्त्री १८ असे वेगळे आकडे येतात. निषिद्ध नात्यांच्या परिशिष्टात पुरुषासाठी एक यादी आणि स्त्रीसाठी दुसरी. विवाहाच्या वेळी उच्चारायच्या वाक्यात ‘पत्नी’ किंवा ‘पती’. घटस्फोटाची काही कारणे फक्त पत्नीला उपलब्ध आहेत. पोटगीच्या कलम ३६ आणि ३७ खाली मागणीही पत्नीच करू शकते. ‘पती-पत्नी’ऐवजी ‘जोडीदार’ असा शब्द घातला की सुरुवातीची कलमे सुटतात. पोटगीचे कलम तसे सुटत नाही: दोन पुरुषांच्या संसारात पोटगी कोणी मागायची, आणि शब्द बदलल्यावर भिन्नलिंगी विवाहातल्या स्त्रीचे आजचे संरक्षण कमी होणार का? शिवाय कलम २१ आणि २१अ मुळे वारसाहक्क इतर कायद्यांना जोडलेला आहे. ही गाठ सोडवायला मसुदा लिहावा लागतो, समितीत चर्चा करावी लागते. हे संसदेचे काम आहे, आणि संसदेने ते हातात घेतलेले नाही.

एक प्रयत्न महाराष्ट्रातून झाला. १ एप्रिल २०२२ रोजी बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी लोकसभेत विशेष विवाह कायद्यात दुरुस्ती सुचवणारे खासगी विधेयक मांडले. दोन पुरुषांसाठी २१ आणि दोन स्त्रियांसाठी १८ अशी वयोमर्यादा, आणि ‘पती’, ‘पत्नी’ऐवजी ‘जोडीदार’ हा शब्द, असा त्याचा गाभा. खासगी विधेयकांना लोकसभेत शुक्रवारी शेवटचे अडीच तास मिळतात आणि बहुतेक विधेयके मांडण्यापलीकडे जात नाहीत. स्वातंत्र्यानंतर अशी फक्त १४ विधेयके कायदा झाली, शेवटचे १९७० मध्ये. हेही चर्चेला आले नाही. जून २०२४ मध्ये सतरावी लोकसभा विसर्जित झाली तेव्हा नियमाप्रमाणे प्रलंबित विधेयके व्यपगत झाली.

समलैंगिकतेच्या व्यापक विषयावर लोकसभेत आकडे नोंदले गेले ते समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३७७ बाबत. काँग्रेसचे शशी थरूर यांनी ते कलम सौम्य करण्याचे खासगी विधेयक आणले. १८ डिसेंबर २०१५ रोजी ते मांडायलाच ७१ विरुद्ध २४ मतांनी नकार मिळाला. ११ मार्च २०१६ रोजी पुन्हा ५८ विरुद्ध १४. या बेरजाच पाहा: ५४३ जागांच्या सभागृहात शंभरही खासदार मत द्यायला नव्हते. थरूर यांच्या पक्षाचे संख्याबळ कमी होते हे खरे, पण तेही पूर्ण उभे राहिले नाही. शेवटी ६ सप्टेंबर २०१८ रोजी ते काम सर्वोच्च न्यायालयाने केले, आणि त्या वेळी केंद्राने निर्णय न्यायालयाच्या विवेकावर सोडला होता.

विवाहाच्या प्रश्नावर केंद्राने तसे केले नाही. १९ डिसेंबर २०२२ रोजी भाजपचे सुशील मोदी राज्यसभेत म्हणाले की असा सामाजिक प्रश्न दोन न्यायाधीशांनी ठरवू नये. मार्च २०२३ मधल्या केंद्राच्या प्रतिज्ञापत्रात पती, पत्नी आणि मुले ही भारतीय कुटुंबाची कल्पना पुढे केली गेली. एप्रिलमध्ये ही मागणी शहरी उच्चभ्रूंची असल्याचे म्हटले गेले. राष्ट्रीय स्वयंसेवक संघाने विरोध नोंदवला. जमियत उलेमा-ए-हिंद ही मुस्लिम धर्मगुरूंची संघटनाही विरोधातच न्यायालयात उभी राहिली.

पक्षांच्या रेषा इथे किती पुसट आहेत हे राज्यांच्या उत्तरांतून दिसले. विवाह समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्ये दोघांनाही कायदा करता येणाऱ्या विषयांत, असल्याने केंद्राने राज्यांना पत्र पाठवले. सात राज्यांनी उत्तर दिले. राजस्थान, आंध्र प्रदेश आणि आसामने विरोध केला, आणि त्यातल्या राजस्थानात तेव्हा काँग्रेसचे सरकार होते. महाराष्ट्र, उत्तर प्रदेश, मणिपूर आणि सिक्कीमने वेळ मागितला. वर्षभरानंतर काँग्रेसच्या २०२४च्या जाहीरनाम्यात व्यापक सल्लामसलतीनंतर नागरी सहजीवनाला (सिव्हिल युनियन) मान्यता देणारा कायदा आणण्याचे आश्वासन आले. ‘विवाह’ हा शब्द टाळलेला आहे, आणि तो जाणूनबुजून टाळलेला आहे. मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाची मांडणी २०१९ पासून अधिक स्पष्ट राहिली आहे. भाजपच्या जाहीरनाम्यात समान नागरी कायदा आहे. पण त्या दिशेने उत्तराखंडने २०२४ मध्ये केलेल्या कायद्यात विवाह आणि सहजीवन दोन्ही पुरुष व स्त्री यांच्यातच धरले आहेत.

सर्वोच्च न्यायालयाच्या १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालाबद्दल एक गैरसमज रुळला आहे. ३ विरुद्ध २ ही फूट विवाहाच्या हक्कावर नव्हती. विवाह करण्याचा मूलभूत हक्क नाही आणि विशेष विवाह कायदा न्यायालयाने बदलायचा नाही, यावर पाचही न्यायमूर्ती एकमताचे होते. भिन्नलिंगी नात्यातल्या पारलिंगी (ट्रान्सजेंडर) व्यक्ती आजच्या कायद्याखाली लग्न करू शकतात, यावरही. फूट होती ती नागरी सहजीवनाला मान्यता आणि दत्तक घेण्यावर. तिथे सरन्यायाधीश चंद्रचूड आणि न्या. कौल अल्पमतात गेले. जानेवारी २०२५ मध्ये पुनर्विचार याचिका फेटाळल्या गेल्या.

निकालानंतर उरली ती समलिंगी जोडप्यांच्या अडचणी पाहणारी मंत्रिमंडळ सचिवांच्या अध्यक्षतेखालची समिती, जी एप्रिल २०२४ मध्ये नेमली गेली. त्यानंतर निघालेल्या सूचनांनुसार जोडीदार एका शिधापत्रिकेवर येऊ शकतात, संयुक्त बँक खाते उघडून एकमेकांना नॉमिनी करू शकतात, आणि जवळचे नातेवाईक उपलब्ध नसतील तर मृतदेहाचा ताबा मागू शकतात. यातली शेवटची अट नीट वाचावी: दुरावलेला भाऊ हजर झाला की जोडीदार मागे पडतो. नॉमिनीचेही तसेच. शेअरच्या नॉमिनीबद्दल डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. म्हणून सोबत राहणाऱ्या जोडप्याने दोन साक्षीदारांसमोर मृत्युपत्र करून ठेवलेच पाहिजे. नाहीतर घर, ठेवी, सगळे रक्ताच्या नातेवाइकांकडे जाते. परिपत्रक सरकारी कार्यालयाला वागणूक सांगते, वारस ठरवत नाही, आणि दुसऱ्या परिपत्रकाने ते मागेही घेता येते.

करांच्या बाबतीत तर परिपत्रकही नाही. आयकर कायद्यात वर्षाला ५०,००० रुपयांवरच्या भेटी करपात्र आहेत, पण पती-पत्नीमधल्या भेटींना सूट आहे. समलिंगी जोडीदाराने दिलेला फ्लॅटमधला हिस्सा या सूटीत बसत नाही. या भेदाला एका जोडप्याने मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने त्यावर नोटीस काढली.