नगावरचं शिवणकाम : कामगार कोणाला म्हणायचं?

राज्य सरकारने २०२४ मध्ये बचत गटांकडून शिवून घेतलेल्या शालेय गणवेशांना उशीर झाला, मापं चुकली, आणि मराठवाड्यातही बोल लागला तो शिवणाऱ्या बचत गटांना. या बायकांची मजुरी कशी ठरते, ती तशीच का ठरते, याची चर्चा फारशी झाली नाही.

छत्रपती संभाजीनगर आणि नांदेडच्या कापड गिरण्या निजामाच्या काळातल्या. जालना, सेलू, परभणीत सरकी निघे, गाठी बांधल्या जात आणि कापूस बाहेर जाई. शिवण मात्र बहुतांशी घरात आणि दुकानाच्या ओट्यावरच राहिली. तयार कपड्यांचा धंदा २००० च्या वस्त्रधोरणापर्यंत देशभर लघुउद्योगांसाठी राखीव होता, त्यामुळे मोठे कारखाने उभे राहायला वावही कमी होता.

काम तुकड्यांत तोडायचं आणि प्रत्येक हालचालीचा वेळ ठरवायचा, ही अमेरिकेत १९११ साली पुस्तकरूपाने आलेली मांडणी. मोठ्या कारखान्यांतलं तासाचं टार्गेट तिथूनच आलं. नगावर, म्हणजे शिवलेल्या दर कपड्यामागे पैसे या हिशेबाने, काम दिलं की मालकाला घड्याळाची गरजच राहत नाही. वीज गेली, दोरा संपला, कटिंग झालेलं कापड आलं नाही, तर वाया गेलेला वेळ शिवणारीच्या खात्यात जातो. माझ्या मते या पद्धतीतला खरा अन्याय हाच आहे.

कायद्याने यावर उपाय केला होता. २०२५ मध्ये वेतन संहितेत सामावला जाईपर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या किमान वेतन कायद्यानुसार, नगाचा किमान दर ठरलेला नसेल आणि वेळेचा ठरलेला असेल, तर नगावर काम करणाऱ्यालाही वेळेच्या दरापेक्षा कमी देता येत नव्हतं. पण त्यासाठी ती आधी नोकरीतली ठरायला हवी, आणि घोडं तिथंच अडतं.

तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या एका शिवण दुकानाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्ये या प्रश्नाचा निकाल दिला. मालकाचं म्हणणं होतं की कारागीर हवं तेव्हा येतात-जातात, कधी कापड घरी नेतात, दुसरीकडचंही काम घेतात, मग ते नोकर कसे? न्यायालयाने हे सगळं मान्य करूनही त्यांना नोकर ठरवलं. यंत्रं बहुतेक दुकानाची होती, जागा दुकानाची होती, आणि काम पसंत नसेल तर ते नाकारून पुन्हा शिवून घेण्याचा हक्क मालकाकडे होता. न्यायालयाच्या मते नियंत्रण असण्यासाठी एवढं पुरेसं होतं. डोक्यावर उभं राहून हुकूम सोडायलाच हवा, असं नाही.

ही कसोटी आजच्या कामाला लावली तर बरंच जुळतं. २०२४-२५ च्या गणवेश योजनेत कापड वरून आलं, मापं आणि दर वरून ठरले. यंत्र आणि जागा मात्र बाईची किंवा गटाची, आणि तिला कामगार मानायचं नाकारायला पळवाट मिळते ती इथंच. कागदावर ती गटाची सदस्य असते, म्हणजे जणू स्वतःचीच मालक.

घरून काम करणाऱ्यांबाबतचा आंतरराष्ट्रीय करार १९९६ चा आहे. भारताने तो स्वीकारलेला नाही. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत अशा कामगारांची व्याख्या आहे, पण त्यांची गणना असंघटितांत होते आणि हाती येतात त्या योजना. नगाचा दर त्यातून ठरत नाही.

डिसेंबर २०२४ मध्ये राज्याने गणवेशाचे अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे दिले. आता समिती गटाकडून शिवून घेईल किंवा व्यापाऱ्याकडून तयार घेईल. दोन्ही वाटांत शिवणारीच्या किमान मजुरीची जबाबदारी कोणावर, हा प्रश्न उरतोच.