‘जागतिक नागरिक’ घडवणाऱ्या शाळा आल्या कुठून?

पुण्या-मुंबईतल्या आंतरराष्ट्रीय शाळांची माहितीपत्रकं चाळली की ‘जागतिक नागरिक’ हे शब्द हमखास दिसतात. शाळेच्या जाहिरातीत शोभून दिसणाऱ्या या शब्दांमागे शंभर वर्षांची खटपट आहे. ती सुरू झाली अगदी घरगुती अडचणीतून.

पहिल्या महायुद्धानंतर राष्ट्रसंघ (आजच्या संयुक्त राष्ट्रांच्या आधीची संस्था) आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांची कार्यालयं जिनिव्हात उभी राहिली. देशोदेशीचे अधिकारी बिऱ्हाडासह तिथे आले आणि मुलांना कुठल्या शाळेत घालायचं, हा प्रश्न पडला. १९२४ साली या पालकांनी शिक्षणतज्ज्ञ आडोल्फ फेरिएर यांच्या साथीने स्वतःचीच शाळा काढली. इंग्रजी आणि फ्रेंच या दोन भाषांत चालणारी ही जिनिव्हाची आंतरराष्ट्रीय शाळा आजही सुरू आहे. त्याच वर्षी जपानमध्ये योकोहामालाही अशी एक शाळा निघाली.

जिनिव्हाच्या शाळेला खरा आकार दिला मारी-तेरेझ मोरेत यांनी. १९२९ ते १९४९ अशी वीस वर्षं त्या मुख्याध्यापिका होत्या. मुलांना शांततेची व्याख्यानं देऊन काही साधत नाही, जे बदलायचं ते रोजच्या तासांत बदललं पाहिजे, ही त्यांची धारणा. म्हणून त्यांनी हात घातला तो भूगोल आणि इतिहासाला. त्यांचे वडील पोल द्युपुई तिथे भूगोल शिकवत. सुरुवात पृथ्वीच्या गोलापासून व्हायची: समुद्र, पर्वत, वारे, माणसं कुठे आणि का वसली. देशांच्या सीमा त्यानंतर. इतिहासातही एकाच देशाचे राजे ओळीने शिकवण्याऐवजी एका काळात चीनमध्ये, भारतात, युरोपात काय चाललं होतं, हे शेजारी-शेजारी मांडायचं. आपल्याकडे तिसरीत जिल्हा, चौथीत शिवछत्रपती आणि पुढे हळूहळू जग, असा क्रम असतो. मोरेतबाईंचा क्रम बरोबर उलटा होता. १९४८ साली युनेस्कोसाठी त्यांनी एक पुस्तिका लिहिली. शांततेसाठी शिक्षणाची काही तंत्रं खरोखर आहेत का, हा तिचा प्रश्न होता. दुसरं महायुद्ध नुकतंच संपलं होतं, ज्या राष्ट्रसंघासाठी शाळा निघाली तोही विसर्जित झाला होता. अशा वेळी हा प्रश्न विचारायला धैर्य लागतं, आणि वीस वर्षांच्या अनुभवाच्या आधारे त्याचं उत्तर देण्याइतकं बळ त्यांच्याकडे होतं.

पण मुलांच्या शालेय शिक्षणाच्या शेवटच्या वर्षांत सगळं विसकटायचं. फ्रेंच मुलं फ्रान्सच्या परीक्षेला बसणार, इंग्रज मुलं इंग्लंडच्या, अमेरिकन मुलं अमेरिकेच्या, स्विस मुलं स्वित्झर्लंडच्या. वर्षानुवर्षं एका बाकावर बसलेल्या मुलांचे परीक्षेसाठी देशवार वर्ग पाडावे लागत. ‘आयबी’ म्हणजे इंटरनॅशनल बॅकलॉरिएट, सगळ्या देशांच्या मुलांसाठीचा सामाईक अभ्यासक्रम आणि परीक्षा. तिचा जन्म या गैरसोयीतून झाला, आणि ती घडवली शिक्षकांनी. जिनिव्हाच्या शाळेतले इतिहासाचे शिक्षक रॉबर्ट लीच यांच्या पुढाकाराने १९६२ साली आंतरराष्ट्रीय शाळांतले सामाजिक शास्त्रांचे शिक्षक एकत्र आले आणि समकालीन इतिहासाचा सामाईक अभ्यासक्रम करायचं ठरलं. त्यातूनच पुढे १९६८ साली आयबीची संस्था उभी राहिली. पहिले महासंचालक अलेक पीटरसन. आपल्याला जे ठाऊक आहे ते कशावरून ठाऊक आहे, हे तपासायला लावणारा विषय त्यांनी सर्वांसाठी आवश्यक केला. या अभ्यासक्रमातली ही मला सर्वांत मोलाची गोष्ट वाटते.

दुसरा धागा वेल्सच्या किनाऱ्यावरचा. जर्मनीत झालेम इथे शाळा चालवणारे कुर्ट हान यांना नाझींनी १९३३ मध्ये अटक केली. सुटका झाल्यावर ते ब्रिटनला गेले. १९५५ साली पॅरिसमधल्या नाटोच्या संरक्षण महाविद्यालयात, दहा वर्षांपूर्वी एकमेकांविरुद्ध लढलेले अधिकारी एकत्र शिकताना त्यांनी पाहिले. हेच तरुण वयात का होऊ नये, या विचारातून १९६२ साली सेंट डोनॅट्सच्या किल्ल्यात अटलांटिक कॉलेज सुरू झालं. तिथले विद्यार्थी समुद्रात बुडणाऱ्यांना वाचवण्याचं काम करत, तेही खरोखरचं. कडेला हवेच्या नळ्या आणि तळ टणक अशी जी बचावनौका आज जगभर दिसते, ती याच कॉलेजात विकसित झाली. नागरिक होणं म्हणजे कोणाच्या तरी उपयोगी पडणं, हा हान यांचा आग्रह आयबीतही उतरला. आयबीच्या पदविकेच्या विद्यार्थ्याला अभ्यासाबरोबर सेवाकार्यही करावं लागतं ते त्यामुळे.

पुढच्या काळात शब्द वाढले. युनेस्कोने १९५३ मध्ये सहयोगी शाळांचं जाळं सुरू केलं, १९७४ मध्ये आंतरराष्ट्रीय सामंजस्याच्या शिक्षणाविषयी शिफारस केली, आणि २०१५ मध्ये शाश्वत विकासाच्या उद्दिष्टांत ‘जागतिक नागरिकत्व’ थेट नोंदलं गेलं. शाळाही वाढल्या, मात्र वर्गातली मुलं बदलली. बदली होऊन आलेल्या परदेशी अधिकाऱ्यांच्या मुलांऐवजी, आपल्याच शहरातल्या ऐपतदार घरची मुलं तिथे दिसू लागली. परदेशी विद्यापीठाचा रस्ता सोपा व्हावा म्हणून मोठी फी भरली जाते. त्यात गैर काही नाही. पण वर्षातून एकदा झेंडे लावून, देशोदेशीचे पदार्थ मांडून जे साजरं होतं त्याला मोरेतबाईंनी नागरिकत्वाचं शिक्षण म्हटलं असतं, असं मला वाटत नाही.

हान यांच्या परंपरेतली, अटलांटिक कॉलेजपासून सुरू झालेल्या युनायटेड वर्ल्ड कॉलेज या साखळीतली एक शाखा १९९७ पासून पुणे जिल्ह्यात मुळशी तालुक्यातल्या खुबवलीजवळच्या टेकडीवर आहे. अनेक देशांतली मुलं तिथे राहून शिकतात. त्याच तालुक्यात १९२१ साली, मुंबईला वीज पुरवण्यासाठी टाटांचं धरण होत असताना, जमिनी बुडणाऱ्या मावळ्यांनी सत्याग्रह केला होता. सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे त्याचे पुढारी. जिनिव्हात शाळा निघायच्या सुमारास इथे शेतकरी धरणाचं काम अडवून तुरुंगात जात होते. मोरेतबाईंच्या पद्धतीने या दोन घटना शेजारी-शेजारी मांडून कोणा शिक्षकाने तास घेतला, तर ब्राझीलच्या किंवा केनियाच्या मुलीला आपल्या देशातलं धरण आठवेल, आणि पुण्याच्या मुलाला मुळशी पहिल्यांदा कळेल.