आयकॉन्स की नोल्झर्स? मिनीज मागवण्याआधी बॉक्स नीट बघा

आमच्या डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या (टेबलाभोवती बसून, राक्षस आणि हीरोंची गोष्ट रचत खेळायचा खेळ) ग्रुपमधे नवीन आलेल्या एका मुलाने मागच्या महिन्यात पहिल्यांदाच मिनीज, म्हणजे खेळात टेबलावर ठेवायच्या छोट्या मूर्ती, मागवल्या आणि पार्सल उघडल्यावर बिचाऱ्याचं तोंडच उतरलं. लिस्टिंगवर फोटो होता आउलबेअर या अर्ध्या घुबड-अर्ध्या अस्वल राक्षसाचा आणि बॉक्समधून निघाले चार भलतेच प्राणी. विक्रेत्याने खाली कुठेतरी बारीक अक्षरात 'रँडम' लिहिलं होतं म्हणे, पण फोटो बघून पैसे भरणाऱ्या नवख्या माणसाला ते कसं कळणार? मला खरंच राग आला. हा घोळ बऱ्याच जणांचा होतो म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या मिनीजमधे विझकिड्स या एकाच कंपनीच्या दोन लाइन्स आहेत, आयकॉन्स ऑफ द रेल्म्स आणि नोल्झर्स मार्व्हलस मिनिएचर्स. राक्षस तेच, साइज तीच, बॉक्सवर लोगोही तोच, त्यामुळे गोंधळ होणारच. आयकॉन्स रंगवलेल्या येतात, आणि त्यांचा बूस्टर पॅक म्हणजे सरळ सरळ जत्रेतलं सोरट, बंद बॉक्समधे चार मिनीज, कुठल्या ते उघडल्यावरच कळणार. नोल्झर्स रंगवलेल्या नसतात, त्यांच्यावर व्हॅयेहो कंपनीचा प्रायमर (रंगाखालचा पहिला थर) मारलेला असतो, आणि ब्लिस्टरमधून, म्हणजे पारदर्शक प्लॅस्टिकच्या पाकिटातून, तुम्हाला समोर दिसतं की आपण काय घेतोय.

आता रंगवलेलं ते बंद आणि न रंगवलेलं ते उघडं, असं का? माझ्या मते सगळी गोम इथेच आहे. पूर्वी मिनीज धातूच्या असायच्या, न रंगवलेल्या, दुकानात ब्लिस्टरमधे लटकवलेल्या, हवी ती काढून घ्या. मग २००० साली विझकिड्सनेच मेज नाइट हा खेळ आणला, रंगवलेल्या प्लॅस्टिकच्या मिनीज, बंद पाकिटात. २००३ मधे डंजन्स अँड ड्रॅगन्स काढणाऱ्या विझार्ड्स ऑफ द कोस्टने तीच पद्धत त्या खेळासाठी उचलली, पहिला सेट हार्बिंजर, ८० मिनीजचा. बूस्टरमधे आठ मिनीज, चार कॉमन (सहज मिळणाऱ्या), तीन अनकॉमन, एक रेअर (दुर्मिळ), आणि किंमत १० डॉलर. रंगकाम कारखान्यात हाताने होतं, तो खर्च परवडायचा तर प्रत्येक मिनी ढिगाने बनवावी लागते, आणि मग नुसते उघडे विकले तर ड्रॅगन सगळे नेणार आणि साधा भालेवाला कुणी नेणार नाही. बंद बॉक्समधे भालेवालाही ड्रॅगनच्या जिवावर खपतो. दुकानदाराचीही सोय, ऐंशी वेगवेगळे हुक लावायच्या ऐवजी एकच बॉक्स ठेवायचा.

पण दुसऱ्या बाजूने बघा, गेम चालवणाऱ्या डीएमला (डंजन मास्टरला) रेअर मिनीशी काही देणंघेणं नसतं हो, त्याला शनिवारच्या सेशनला सहा गॉब्लिन, म्हणजे साधे छोटे राक्षस, हवे असतात. आणि सोरटात सहा गॉब्लिन एकत्र कधी निघत नाहीत. विझार्ड्सनाही हे जाणवलं असावं, कारण २००९ मधे त्यांनी प्लेअर्स हँडबुक हीरोज काढले, रंगवलेले तीन हीरो, सगळे बाहेरून दिसणारे, आणि राक्षसांच्या पॅकमधे एक मोठा राक्षस दिसता ठेवून बाकीचे लपवले, म्हणजे अर्धं सोरट. ते काही फार चाललं नाही, २०११ च्या सुरुवातीला त्यांनी ही लाइनच बंद केली.

२०१४ मधे विझकिड्सने टिरनी ऑफ ड्रॅगन्स या सेटपासून आयकॉन्स सुरू केल्या तेव्हा परत बंद बॉक्सच आला, फक्त आता आठाच्या जागी चार मिनीज आणि किंमत १६ डॉलरच्या घरात. त्याआधी २०१२ मधे रीपर या कंपनीने न रंगवलेल्या स्वस्त प्लॅस्टिक मिनीजसाठी किकस्टार्टरवर लोकांकडून आगाऊ पैसे मागितले, त्याला ३४ लाख डॉलरच्या वर पैसे आले होते, म्हणजे स्वतः रंगवणारे लोक भरपूर आहेत हे सगळ्यांना दिसलंच होतं. नोल्झर्स आल्या २०१७ मधे. रंगाचा खर्च गेला की एकेक मिनी वेगळी विकणं परवडतं, सुरुवातीला छोटा पॅक ४ डॉलरच्या आसपास होता. म्हणजे फिरून त्या जुन्या ब्लिस्टरवरच आलो की आपण, फक्त धातूच्या जागी प्लॅस्टिक आलं.

हातात घेतल्यावर फरक लगेच कळतो. नोल्झर्सची मिनी राखाडी, बोटाला किंचित खरखरीत लागते, डोळ्याची पापणी, पट्ट्याचं बक्कल सगळं दिसतं, साच्याच्या जोडाची बारीक रेघ मात्र ब्लेडने खरवडावी लागते. आयकॉन्सवर रंग जाड असतो, चेहरे थोडे बुजलेले, आणि प्लॅस्टिक मऊ असल्यामुळे भाला किंवा तलवार बॉक्समधेच वाकलेली निघते. ती कडक गरम पाण्यात अर्धा मिनिट बुडवा, हलक्या हाताने सरळ करा आणि लगेच थंड पाण्यात धरा, तशीच राहते. नुसतं जोर लावून सरळ करायला जाऊ नका प्लीज.

एक अपवाद सांगायलाच हवा. आयकॉन्स नाव दिसलं म्हणजे सोरटच असं नाही. २०१४ च्या आयकॉन्स स्टार्टर सेटमधे सहा रंगवलेले हीरो होते आणि कुठले ते आधीच माहीत, नंतर गॉब्लिन, ऑर्क वगैरे राक्षसांच्या टोळ्यांचे 'वॉरबँड' पॅकही तसेच आले. त्यामुळे नावावर जाऊ नका, 'बूस्टर' शब्द आहे का आणि बॉक्सला खिडकी आहे का ते बघा. ऑनलाइन घेताना फोटोत बंद बॉक्स न दाखवता नुसती मिनी दाखवली असेल तर विक्रेत्याला आधी विचारा, ही सुटी मिनी आहे की बूस्टर. सुट्या विकणारे लोक असतात, ते पेट्याच्या पेट्या फोडतात आणि एकेक मिनी वेगळी विकतात, रेअर महाग पडते पण कॉमन गॉब्लिन बऱ्यापैकी स्वस्तात मिळतात. आमच्या त्या मुलाला आउलबेअर शेवटी तसाच सुटा मिळाला, आणि बूस्टरमधल्या चारपैकी दोन मी माझ्या कॅम्पेनसाठी त्याच्याकडून विकत घेतले.