बिनझिलईच्या पांढऱ्या मूर्तींविषयी थोडंसं

आमच्या कपाटातल्या पांढऱ्या, चमक नसलेल्या मूर्तीवर बोट फिरवून अनेक जण विचारतात, ‘हिची झिलई उडाली आहे का?’ नाही. तिला झिलई मुळातच दिलेली नसते. पोर्सलिनची, म्हणजे भाजलेल्या पांढऱ्या चिनीमातीची, ही मूर्ती संगमरवरी दिसावी, हाच कारागिराचा हेतू होता.

इटलीत ज्वालामुखीखाली गाडल्या गेलेल्या हर्क्युलेनियम या रोमन शहराचं उत्खनन १७३८ साली सुरू झालं आणि तशाच पाँपेईचं १७४८ साली. त्यानंतर युरोपात ग्रीक-रोमन शिल्पांची ओढ फारच वाढली. रोमला आलेल्या प्रवाशाला खरं शिल्प घरी नेणं शक्य नव्हतं. जोव्हान्नी व्होल्पातो या नक्षीकाराने १७८५ साली तिथेच कारखाना काढला आणि प्रसिद्ध शिल्पांच्या लहान, बिनझिलईच्या प्रतिकृती विकायला सुरुवात केली. फ्रान्समध्ये अशी ‘बिस्किट’ पोर्सलिनची कामं आधीपासून होत होती. जाड झिलई केसांच्या बटा आणि वस्त्राच्या चुण्या बुजवते. ती नसली की कोरीवपणा जसाच्या तसा राहतो.

मूर्तीच्या पायाशी असलेला झाडाचा बुंधा जरूर पाहा. संगमरवरी पुतळ्याचं वजन नुसत्या घोट्यांवर पेलत नाही, म्हणून शिल्पकार असा टेकू ठेवत. ‘मेडिची व्हीनस’ या प्राचीन संगमरवरी देवीमूर्तीच्या पायाशी डॉल्फिन आहे, तो त्याचसाठी. पोर्सलिनमध्ये हा टेकू पुन्हा कामी आला, कारण तेराशे अंशांच्या पुढे भट्टीत माती मऊ पडते आणि आधार नसेल तर मूर्ती वाकते.

इंग्लंडमध्ये १८४०च्या दशकात ‘पॅरियन’ नावाचं पोर्सलिन आलं. त्यात फेल्डस्पार हे खनिज जास्त असल्याने पृष्ठभागाला झिलईशिवायच मंद, मेणासारखी झाक येते. पातळ माती प्लास्टरच्या साच्यांत ओतून हात, डोकं, धड वेगवेगळं काढत आणि मग जोडत. आमच्याकडचा क्लायटी या ग्रीक पुराणकथेतल्या अप्सरेचा अर्धपुतळा त्याच जातीचा. मूळ रोमन संगमरवरी शिल्प चार्ल्स टाउनली या इंग्रज संग्राहकाने १७७२ साली नेपल्समध्ये विकत घेतलं, ते आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. तिच्या छातीभोवतीच्या पाकळ्या नीट तपासा. टवका उडतो तो बहुधा तिथेच.

एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. ती प्राचीन शिल्पं मुळात रंगवलेली होती. मातीत आणि उघड्यावर शतकानुशतकं राहून त्यांचा रंग गेला. या मूर्तींचा शुभ्रपणा आला आहे तो त्या रंग गेलेल्या दगडावरून. आम्हाला तो तरीही फार आवडतो.

बिनझिलईचा पृष्ठभाग डाग पटकन धरतो, म्हणून हळद-कुंकू, तेल, अत्तर लावू नका. धूळ मऊ कुंचल्याने झाडा. गरज पडलीच तर कोमट पाण्यात सौम्य साबणाचा थेंब टाकून ओलसर कापसाने पुसा. मूर्ती पाण्यात बुडवू नका, जुना जोड सुटू शकतो. उचलताना हात किंवा मान न धरता बैठकीखाली तळवा घाला.