ख्यातनाम व्यक्तींची प्रकृतिचर्चा

ख्यातनाम व्यक्तींची प्रकृतिचर्चा : अभिनेते, गायक, खेळाडू, राजघराण्यातील माणसे वा राजकीय नेते यांचे घटलेले किंवा वाढलेले वजन, बसलेले गाल, चेहऱ्यावरची सूज अशा बाह्य खुणांवरून त्यांच्या शारीरिक व मानसिक प्रकृतीविषयी जाहीरपणे बांधले जाणारे अंदाज. टर उडवणे हा तिचा एक प्रकार, काळजीपोटी केलेली चर्चा हा दुसरा. दोन्हींत संबंधित व्यक्तीची संमती नसते आणि तपासणीही झालेली नसते, म्हणून येथे दोन्हींचा एकत्र विचार केला आहे.

या प्रथेच्या प्रारंभाविषयी मतभेद आहेत. काहींच्या मते ती विसाव्या शतकातील छायाचित्रप्रधान वृत्तपत्रांची निर्मिती होय. इतर तिचा माग अठराव्या शतकाच्या अखेरीच्या इंग्लंडमधील छापील व्यंगचित्रांपर्यंत नेतात, आणि ते मत अधिक ग्राह्य वाटते. जेम्स गिलरे याने १७९२ मध्ये युवराज जॉर्ज (पुढे चौथा जॉर्ज) याचे व्यंगचित्र काढले. त्यात भरपेट जेवून काट्याने दात कोरणाऱ्या युवराजाच्या पोटावर वस्त्र ताणलेले आहे. पण खरे लक्षणीय आहे ते त्याच्यामागे मांडलेले साहित्य. मूळव्याध, मुखदुर्गंधी व गुप्तरोग यांवरची औषधे तेथे दाखवली आहेत. म्हणजे चित्रकार केवळ स्थूलपणाला हसत नाही, तो निदानही सुचवतो. याच युवराजाला मार्च १८१२ मध्ये ली हंट याने आपल्या साप्ताहिकात ‘पन्नाशीचा स्थूल गृहस्थ’ असे संबोधले. त्याबद्दल फेब्रुवारी १८१३ मध्ये हंटला व त्याचा भाऊ जॉन याला प्रत्येकी दोन वर्षांचा तुरुंगवास व ५०० पौंड दंड झाला. शरीरावरील टीकेसाठी झालेली शिक्षा म्हणून हा खटला कधीकधी सांगितला जातो, तो अर्धवट अर्थाने. त्याच लेखात कर्जबाजारीपणा, वचनभंग आणि नीतिभ्रष्टता यांचेही आरोप होते. स्थूलतेचा उल्लेख त्यांपैकी एक होता.

कवी बायरनचे उदाहरण वेगळ्या कारणाने उपयोगी आहे. लंडनच्या सेंट जेम्स स्ट्रीटवरील एका मद्यविक्रेत्याकडे ग्राहकांना मोठ्या तराजूवर बसवून त्यांचे वजन वहीत टिपत असत. त्या वहीनुसार बायरनचे वजन १८०६ मध्ये सुमारे ८८ किग्रॅ. होते, ते १८११ पर्यंत ५७ किग्रॅ.च्या आसपास आले. या नोंदी आणि त्याच्या कडक आहाराची वर्णने यांवरून काही वैद्यकीय लेखकांनी त्याला आहारविकार होता असे म्हटले आहे. मात्र ‘ॲनोरेक्सिया नर्व्होसा’ (वजन वाढण्याच्या भीतीने खाणे टाळण्याचा विकार) ही संज्ञा इंग्रज वैद्य विल्यम गल याने १८७० च्या दशकात रूढ केली. वजन घटले एवढे त्या वहीवरून सिद्ध होते, त्यामागचा विकार नव्हे.

वैद्यकीय दृष्टीने या चर्चेचा पायाच कच्चा आहे. थायरॉइडचा अतिस्राव, मधुमेह, कर्करोग, आतड्यांचे विकार, नैराश्य आणि जाणूनबुजून केलेला आहारसंयम यांतून येणारा कृशपणा दिसायला सारखाच असू शकतो. स्टेरॉइड औषधांमुळे चेहरा व मानेमागचा भाग भरतो. तो ‘सुखवस्तूपणा’ समजला जातो. जवळून व रुंद कोनाच्या भिंगाने घेतलेल्या छायाचित्रात चेहऱ्याची प्रमाणे बदलतात. उलट बुलिमियाच्या (अति खाऊन मग ते उलटी वगैरे करून बाहेर टाकण्याच्या विकाराच्या) बहुतेक रुग्णांचे वजन सर्वसाधारण असते. वजन फारसे कमी नसतानाही ॲनोरेक्सियाची बाकीची लक्षणे असू शकतात, हे २०१३ च्या अमेरिकन मनोविकार वर्गीकरणात मान्य झाले आहे. वजन घटवण्यासाठी सेमाग्लुटाइड या इंजेक्शनने घ्यायच्या औषधाला अमेरिकेत २०२१ मध्ये मान्यता मिळाल्यापासून प्रत्येक कृशपणा त्या इंजेक्शनच्या खाती टाकण्याची सवय बळावली आहे.

गायिका मारिया कॅलास हिचे वजन १९५३-५४ मध्ये सुमारे ३६ किग्रॅ.ने घटले. तिने जंत गिळल्याची अफवा उठली. रोमच्या एका पास्ता कंपनीने श्रेय आपल्या पास्त्याला दिले, तेव्हा तिने दावा लावला. तिचा आवाज खालावण्याचे कारण हेच वजन, असे मत दीर्घकाळ प्रचलित होते. परंतु तिला डर्माटोमायोसायटिस हा स्नायुविकार असल्याचे आपण १९७५ मध्ये निदान केले होते, असे तिच्या डॉक्टरांनी २००२ मध्ये सांगितले. बोलोन्याच्या आवाजतज्ज्ञांनीही ध्वनिमुद्रणे तपासून त्याला दुजोरा दिला. वजन हे एकमेव कारण मानणे आता कठीण आहे.

अंदाज खरा ठरतो तेव्हाही तो रुग्णाच्या उपयोगी पडतोच असे नाही. गायिका कॅरन कार्पेंटर हिला १९८१ मध्ये दूरचित्रवाणीवर थेट ॲनोरेक्सियाविषयी विचारले गेले. तिने ते नाकारले, आपण दमलो होतो एवढेच म्हणाली. ४ फेब्रुवारी १९८३ रोजी, वयाच्या ३२ व्या वर्षी ती वारली. अभिनेता चॅडविक बोसमन याच्या एप्रिल २०२० मधील चित्रफितीवर त्याच्या कृशपणाची चर्चा झाली, थट्टाही झाली. त्याला २०१६ पासून मोठ्या आतड्याचा कर्करोग होता; २८ ऑगस्ट २०२० रोजी त्याचे निधन झाले.

मनोविकारतज्ज्ञांनी अशी मते जाहीर करू नयेत, या निर्बंधाचा उगम एका निवडणुकीत आहे. १९६४ मध्ये एका अमेरिकी नियतकालिकाने अध्यक्षपदाचे उमेदवार बॅरी गोल्डवॉटर यांच्या मानसिक पात्रतेविषयी १२,३५६ मनोविकारतज्ज्ञांना विचारले. २,४१७ जणांनी उत्तर दिले. त्यांपैकी १,१८९ जणांनी ते अपात्र असल्याचे मत दिले. गोल्डवॉटर यांनी त्या नियतकालिकाविरुद्धचा मानहानीचा खटला जिंकला. प्रत्यक्ष तपासणी व संमती यांवाचून असे मत देणे अनैतिक होय, असा नियम अमेरिकन मनोविकार संघटनेने १९७३ मध्ये केला. तो केवळ तिच्या सदस्यांना लागू आहे.

कायद्याचे संरक्षण तुटक आहे. मॉडेल नेओमी कॅम्पबेल हिने एका वृत्तपत्राविरुद्ध लावलेल्या खटल्यात ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने २००४ मध्ये ३ विरुद्ध २ मतांनी तिच्या व्यसनमुक्ती उपचारांचा तपशील खासगी मानला. फ्रान्समध्ये ऑक्टोबर २०१७ पासून मॉडेलचा बांधा बदलून दाखवणाऱ्या जाहिरातीतील छायाचित्रावर तशी सूचना छापावी लागते. हे बंधन जाहिरातीपुरतेच आहे.